पास पट्ट्या, नापास जोडी

“मिलिंग मशीन घेऊ, की दुसरं चांगलं ड्रिल मशीनच बघू? एवढंच सांगा, वस्ताद.”

सुकुमार मगदूमांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

वस्तादांनी ग्राइंडरवर धरलेलं ड्रिलचं बिट उचललं, डोळ्यांजवळ नेऊन त्याचं टोक पाहिलं आणि पुन्हा चाकाला लावलं. ठिणग्या उडाल्या.

मगदूम स्टुलावर बसून राहिले. मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत लोखंड होतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मागच्या गल्लीला इस्माईल शिकलगारांची पत्र्याची शेड आहे. त्यांचे पूर्वज तलवारींना धार लावायचे, हे ड्रिलच्या बिटांना लावतात, एवढाच काय तो फरक. वय ऐंशीच्या घरात. कामं घेणं त्यांनी कधीच बंद केलंय, पण गाडी अडली की भलेभले कारखानदार या शेडची वाट धरतात. वस्ताद धार लावून देतात आणि वर दोन शब्दही ऐकवतात. ते ऐकून घ्यायची तयारी लागते.

मगदूमांची ती तयारी होती असं म्हणवत नाही.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी, डिप्लोमा करताना, त्यांनी याच शेडमध्ये सहा महिने उमेदवारी केली होती. मग पुणं गाठलं. मोठ्या कारखान्यात चढत चढत तपासणी खात्याचे प्रमुख झाले. म्हणजे तीस वर्षं दुसऱ्यांनी पाडलेले होल मोजायचे आणि नापास करायचे. नाकावर माशी बसू दिली नाही कधी. स्वतःच्या हातानं होल पाडायची वेळ आली ती निवृत्त होऊन कोल्हापूरला परतल्यावर, घरच्या गॅरेजमध्ये. मोटार रस्त्यावर उभी केली आणि तिच्या जागी एक ड्रिल मशीन आणून बसवलं.

आता सगळा दोष त्या ड्रिल मशीनचा होता.

“त्याचा चक डुगडुगतो,” मगदूम म्हणाले. “पट्टा घसरतो. बिट टेकवलं की ते आधी इकडंतिकडं भटकतं, मग आत शिरतं. टेबल काटकोनात राहत नाही. मिलिंगचं तसं नाही. काम गच्च बांधता येतं. टेबल चाकानं सरकवायचं, आकडे वाचायचे. शतांश मिलिमीटरपर्यंत…”

“कामाला काय घेतलंय, सायेब?”

सायेब म्हणायची वस्तादांची एक तऱ्हा होती. त्यात मान होता आणि चिमटाही होता.

“तसं साधंच आहे. एक बिजागरी म्हणा.”

“आणि बिजागरीला मिलिंग?”

मगदूमांनी पिशवी उघडली. लोखंडी पट्ट्या बाहेर निघाल्या. दोन दोनच्या चार जोड्या, प्रत्येक पट्टीवर बारीक अक्षरात क्रमांक आणि तारीख. खालून पाचवी जोडी निघाली, ती अजून कोरी होती. शेवटी एक सळई निघाली. तिच्या एका टोकाला कडं होतं आणि दुसऱ्या टोकाला गुंडाळलेलं मऊ कापड.

“वर एक पट्टी, खाली एक पट्टी. मध्ये हा दांडा. तिन्हींतून एक पिन जाते. दांडा फाटकासारखा फिरायला पाहिजे.”

“आणि?”

“अडकतो.”

वस्तादांनी ग्राइंडर बंद केला. पहिल्या जोडीतली एक पट्टी हातात घेतली. मगदूमांनी खिशातून व्हर्निअर काढला आणि भरभर मापं घेतली. या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

“बघा. हिचा होल ड्रॉइंगपेक्षा पाव मिलिमीटर उजवीकडं. तेवढी सूट आहे. पट्टी पास.”

“आणि ही दुसरी?”

“पाव मिलिमीटर डावीकडं. तेवढीही सूट आहे. हीसुद्धा पास.”

“दोघी पास.”

“हो.”

“मग अडकतंय कोण?”

मगदूमांनी चष्मा काढून पुसला.

“जोडी,” ते म्हणाले.

वस्ताद हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं असं मगदूमांना वाटलं. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण त्यांनी स्वतः कारखान्यात कितीतरी कामगारांना ऐकवली होती. ती आता कुणी म्हटली नाही, तरी त्यांना ऐकू आली.

शेडच्या एका बाजूला जुनं मिलिंग मशीन होतं, दुसऱ्या बाजूला खांबाचं ड्रिल मशीन. दोन्ही वस्तादांपेक्षा थोडीच लहान असतील.

“त्या भंगारातला एक तुकडा घ्या,” वस्ताद म्हणाले. “मिलिंगवर चढवा. कडेपासून चाळीस मिलिमीटरवर एक होल मारून दावा.”

मगदूमांना हेच हवं होतं. बाह्या वर केल्या. व्हाइस टेबलावर सरळ लावली, तुकडा तिच्यात आवळला, कड शोधली, चाकं फिरवली. एकदा पुढं गेलं म्हणून मागं घेतलं आणि चाकातला ढिलेपणा निघावा म्हणून पुन्हा पुढं आणलं. आधी छोटं बिट, मग मोठं. एका होलाला पाऊण तास गेला.

व्हर्निअर लावला. चाळीस म्हणजे चाळीस.

मगदूमांचा चेहरा उजळला. त्या क्षणी ते चौसष्ट वर्षांचे वाटत नव्हते.

“झ्याक,” वस्ताद म्हणाले. “मी पन्नास म्हणालो असतो तर?”

“पन्नासवर पडला असता.”

“मला चाळीसच म्हणायचं हुतं, पण तोंडातून पन्नास गेलं असतं तर?”

“तरी… पन्नासवरच.”

“म्हंजे चुकीच्या जागी,” वस्ताद म्हणाले, “पण एकदम बरोब्बर.”

मगदूमांनी चाकावरचा हात काढला.

वस्ताद ड्रिल मशीनकडं गेले. मघाचं धार लावलेलं बिट चकात अडकवलं. आणखी एक तुकडा घेतला, त्यावर डोळ्यानंच अंदाज करून टोकदार पंच ठेवला आणि हातोडीचा एक टोला दिला. लोखंडावर जोंधळ्याच्या दाण्याएवढा खळगा पडला.

“आता हितं मारा.”

मगदूम तुकडा टेबलावर ठेवून क्लॅम्प शोधू लागले.

“ऱ्हाऊ दे. बांधू नका.”

“बांधू नको? वस्ताद, बिट अडकलं तर तुकडा गरकन फिरेल. हात तुटेल माझा.”

“त्यासाठी ह्यो हाय की.” वस्तादांनी टेबलाच्या फटीत एक जाड बोल्ट उभा केला आणि तुकड्याची कड त्याला टेकवली. “फिरला तर हितं अडंल. पर गच्च आवळू नका. नुसता हात ठेवा.”

मगदूमांनी मशीन चालू केलं. डाव्या हातानं तुकडा धरला, उजव्या हातानं हँडल खाली ओढलं. बिटाचं टोक खळग्याच्या काठावर टेकलं…

हाताखाली तुकडा सरकला. केसभरच. मगदूम दचकले आणि त्यांनी हँडल सोडलं.

“हललं!”

“हलू दे.”

“पण…”

“पंच जिथं हाय तिथं ड्रिलला जायचंय. आडवं येऊ नका. हलू दे.”

मगदूमांनी पुन्हा हँडल ओढलं. तुकडा पुन्हा केसभर सरकला, खळगा बरोबर टोकाखाली आला आणि मग हलायचा थांबला. लोखंडाचा कीस वेटोळं घेत वर येऊ लागला. होल पार व्हायच्या आधी हातातलं ओझं अचानक हलकं झालं, तेही त्यांना कळलं. गॅरेजमध्ये हे कधी कळलं नव्हतं. तिथं तुकडा चार क्लॅम्पांनी जखडलेला असायचा आणि डोळे आकड्यांवर असायचे.

“तुम्ही मला हे शिकवलं होतं,” मगदूम हळूच म्हणाले. “पहिल्याच महिन्यात.”

“आठवलं तर.”

वस्तादांनी पाचवी जोडी उचलली. दोन्ही कोऱ्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या, कडा जुळवल्या आणि दोन क्लॅम्पांनी एकीला एक आवळल्या. वरच्या पट्टीवर ड्रॉइंग न बघता तीन पंच मारले. दोन बोल्टांसाठी, एक पिनेसाठी. मग ती जोडगोळी टेबलावर ठेवली आणि तिन्ही होल दोन्ही पट्ट्यांतून एकदमच आरपार काढले. वर थोडं तेल सोडलं. सगळं मिळून दहा मिनिटं गेली असतील.

क्लॅम्प सोडले. पट्ट्यांच्या मध्ये दांडा बसवला, बोल्ट लावले आणि पिन वरच्या होलावर नुसती धरून सोडून दिली.

पिन आपल्या वजनानं खाली गेली. खट.

वस्तादांनी करंगळीनं दांड्याला धक्का दिला. दांडा फिरला आणि फिरत जाऊन पलीकडं थांबला.

मगदूमांचा हात सवयीनं खिशात गेला. जित्याची खोड. व्हर्निअर निघाला, मापं झाली.

“वस्ताद… पिनेचा होल ड्रॉइंगपासून अर्धा मिलिमीटर चुकलाय.”

“कुठल्या पट्टीत?”

“वरच्या.”

“आणि खालच्या?”

मगदूमांनी पट्ट्या सोडवून खालची मोजली. पुन्हा मोजली.

“खालच्याही. तेवढाच. त्याच बाजूला.”

“मग नापास करा.”

मगदूमांनी आयुष्यभर एकेक नग वेगळा काढून मोजला होता. या दोन्ही पट्ट्या त्यांच्या टेबलावर आल्या असत्या, तर त्यांनी लाल रंग लावून बाजूला फेकल्या असत्या, आणि त्या चार जोड्यांवर खुशाल सही केली असती.

ते स्टुलावर बसले. दांडा मांडीवर घेतला. टोकाला गुंडाळलेल्या मऊ कापडावरून अंगठा फिरवत राहिले.

“हे कापड कशापायी?” वस्तादांनी विचारलं.

“हात घसरू नये म्हणून.”

“कुणाचा?”

आता बायकोचं सांगावंच लागलं.

“त्रिशलाचा. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आता थोडी थोडी येतेय. खाटेवर उठून बसायला आधार लागतो. मी खाटेला एक उभा लोखंडी खांब बांधला आणि त्याला हा दांडा लावला. डाव्या हातानं धरायचा, ओढायचा, उठायचं. तिचं एकच म्हणणं होतं, वस्ताद… उठायला कुणाला हाक मारायला लागू नये.”

वस्तादांनी हातावरचं तेल पुसायला घेतलं.

“पहिल्या जोडीला अडकला. मी दुसरी केली. तिसरी केली. चौथीच्या वेळी तिनं ओढला, तो मध्येच अडला, तिनं जोर लावला आणि तो झटक्यानं सुटला. ती खाटेवरून खाली आदळली. लागलं नाही फारसं. ती म्हणाली, असू द्या हो. मी हाक मारीन तुम्हाला.”

“मग मारतात?”

“नाही.”

मगदूमांनी दांडा दोन्ही हातांनी धरला.

“मारत नाही. मी चहा घेऊन जाईपर्यंत तशीच पडून असते. डोळे उघडे असतात. कधीपासून जागी आहेस विचारलं, तर आत्ताच म्हणते. दांड्याकडं बघतही नाही. म्हणून म्हटलं, आता चूक नको. मिलिंगच घेतो. शतांशात काम करतो. एकदा तरी…”

तपासणी खात्याच्या प्रमुखांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला शेडमध्ये जागा नव्हती.

वस्तादांनी माठातलं पाणी आणून दिलं. मगदूम प्यायले.

“दांडा किती उंचीवर बांधलाय?”

“गादीपासून सव्वीस इंच.”

“सव्वीस कुणी सांगितलं?”

“एका पुस्तकात तक्ता आहे. रुग्णाच्या उंचीप्रमाणं. त्रिशला पाच फूट एक इंच, म्हणजे सव्वीस येतात. आणि खांबापासून बाहेर…”

“वहिनी काय म्हणाल्या?”

“कशाबद्दल?”

“सव्वीसबद्दल.”

मगदूमांनी दांड्याचं कापड उगीच घट्ट केलं.

बाहेर कुणीतरी लोखंडाच्या सळया उतरवत होतं. वस्तादांनी त्यांचा खणखणाट थांबू दिला.

“विचारलं न्हाईस,” वस्ताद म्हणाले.

‘सायेब’ गेलं होतं. ‘तुम्ही’ गेलं होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच शेडमध्ये एका एकोणीस वर्षांच्या उमेदवाराशी बोलायचे तसे वस्ताद बोलले. मगदूमांना त्याचा राग आला नाही. उलट फार दिवसांनी कुणीतरी आपल्याला खरं ओळखलं असं वाटलं.

“नाही,” ते म्हणाले. “तिला त्रास नको म्हणून. तिला मापातलं काय कळणार, असंही… असंही वाटलं.”

कबुली दिली खरी, पण पीळ काही जाईना. मगदूमांनी पट्ट्या पिशवीत भरल्या, पाचवी जोडी वर ठेवली, उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

“तरी पण, वस्ताद. या दोन पट्ट्या जमल्या. पुढं तो खांब आहे, त्याला आता नवे होल पाडायचे आहेत. नेमके पडायला हवेत. मग घरी काय ठेवू? मिलिंग, की ड्रिल?”

वस्तादांनी हात पुढं केला.

“व्हर्निअर दे.”

मगदूमांना वाटलं, काहीतरी मोजायचं असेल. त्यांनी दिला. वस्तादांनी तो न उघडता फळीवर ठेवला, अगदी मागं, बिटांच्या डब्यापलीकडं. मग पत्र्याच्या खोक्यात हात घातला आणि वेल्डर लोक लोखंडावर खुणा करायला वापरतात तसला एक चपटा खडू काढला. तो मगदूमांच्या तळहातावर ठेवला.

“ह्यो वहिनींच्या हातात दे. म्हणावं, पडल्या जागेवरनं हात वर करा. जिथं धरावंसं वाटंल, तिथं त्या खांबावर खूण करा. मग खांब सोडव आणि हितं घेऊन ये.”

मगदूमांनी खडूकडं पाहिलं. मग फळीवरच्या व्हर्निअरकडं पाहिलं.

“मी करतो ना खूण. ती हात वर करेल, मी शेजारी उभा राहतो आणि…”

“तू न्हाई.”

“पण तिचा हात कापतो, वस्ताद.” मगदूम कळवळून म्हणाले. “डावासुद्धा. भरलेला कप धरला की चहा सांडतो. खूण एका जागी पडायचीच नाही. हलेल ती…”

वस्ताद ग्राइंडरपाशी जाऊन बसले होते. त्यांनी डब्यातलं एक बोथट बिट उचललं आणि टोक उजेडाकडं धरलं.

“हलू दे,” ते म्हणाले. “खूण पडंल तिथं ड्रिल जातंय की.”